भोकरदन ते नेपल्स, व्हाया जालना

अकरा दिवस, सात देश, शाकाहारी जेवणासह.
संचेतींच्या ऋषभनं गुळगुळीत कागद पुढं सरकवला
तेव्हा मला हसूच आलं.
एकतीस वर्षं जालना स्टँडवर कंट्रोलर होते मी.
सात थांब्यांत कोण कुठं उतरलं
हे कंडक्टरलाही सांगता येत नाही, बाबा.

मला एकाच खोलीत जायचंय, म्हटलं.
एका शहरातल्या एका संग्रहालयात
एका काचेपुढं.
पाच दिवस दे.
त्यानं की-बोर्डवरचा हात उचलला.
"मावशी, तिथं आहे कोण?"

आमच्या गावची बाई आहे.

वीतभर उंच, हस्तिदंताची,
ज्वालामुखीच्या राखेत साडेअठराशे वर्षं निजलेली.
केळणेच्या काठी खणलं तेव्हा
तिच्याच वळणाची एक निघाली, मोडकी.
तिकडची इकडूनच गेली का,
यावर पंडितांचं अजून एकमत नाही.
आमच्या गल्लीचं आहे.

आई तेव्हा खणतीवर टोपल्या वाहायची.
संध्याकाळी पाय धुताना म्हणाली,
"माती झटकली तर काय, पायात नुसते वाळेच वाळे!
साहेबानं मोजायच्या आधी मी मोजले."
आणि आकडा सांगितला.

वर्षभर तयारी केली.
गुडघ्यांसाठी रोज स्टँडपर्यंत चालत गेले,
बशीरभाई मेकॅनिकनं जुन्या बॅगेला नवी चाकं बसवली.
रात्री वहीत तिचा रस्ता काढायचे:
बैलगाडीनं पैठण, मग घाट उतरून भडोच,
मग वाऱ्याची वाट बघत किती महिने बंदरात?
मला व्हिसानं बेचाळीस दिवस बसवलं, तेव्हा
तिची थोडी ओळख पटली.
कशात गुंडाळली असेल?
कापसात. आपल्याकडं कापसाला काय तोटा.

नेपल्सला पहिल्या दिवशी ते दालन बंद.
दुसऱ्या दिवशीही.
बरोबरचे एक नाशिकचे गृहस्थ चिडले, फोटोशिवाय गेले,
त्यांना दुपारी दुसरं शहर होतं.
मी बाहेरच्या थांब्यावर जाऊन बसले.
बस वीस मिनिटं उशिरा,
एक म्हातारी ड्रायव्हरला आईवरून काहीतरी बोलली,
तो हसला, तिची पिशवी वर घेतली.
भाषा कळली नाही. भांडण पूर्ण कळलं.
वेळापत्रकात मोकळी जागा ठेवावी लागते
हे मला जालन्यानं शिकवलेलं;
गाडी रद्द होते त्या तासाभरातच
माणसं एकमेकांना गाव विचारतात.

तिसऱ्या दिवशी उघडलं.
लाजिरवाण्या वस्तूंचं दालन म्हणे ते,
दारावर पहारेकरीण, असुंता नावाची.
आत पोरंपोरी एकमेकांना कोपर मारत होती,
आणि मधोमध ही उभी,
हात मागं वळवून वेणीशी काहीतरी करत,
जशी आमची कोणी न्हाऊन ओट्यावर येते.
त्यात लाजायचं काय, ते मला कळेना.

मग मोजायला लागले.
काचेवर दिवा चमकायचा, मी चुकायची,
परत टाचेपासून.
असुंतानं न विचारता खुर्ची आणून दिली.
चौथ्यांदा मोजून झाल्यावर लक्षात आलं,
आईचा आकडा मला आठवत नाही.
वहीत सगळं होतं, पैठण, भडोच, औषधांच्या वेळा.
तेवढा एक लिहिला नव्हता.
लिहायचं काय, असं वाटलं असणार,
आई घरातच तर होती.

बंद होईपर्यंत बसले.

परतीला जालन्याहून संध्याकाळची भोकरदन गाडी.
माइकवर नवी पोरगी, आवाज बरा आहे,
"राजूरमार्गे" म्हणताना घाई करते.
कंडक्टर बॅगेच्या दांड्यावरची चिठ्ठी बघत राहिला,
"हे एन ए पी कुठं आलं, आक्का?
आपल्या रूटवर हाय का?"

हाय ना, म्हटलं.
जरा पुढं आहे. मधी समुद्र लागतो.